काळ्या खिडकीतलं उत्तर स्क्रिप्टच्या हातात कसं द्यायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात मी छोट्या ऑफिसांची रोजची कामं स्क्रिप्टवर, म्हणजे संगणकानं आपणहून पाळायच्या आज्ञांच्या फाइलवर, बसवून देतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेलचे कारखाने, नव्या पेठेतली होलसेल दुकानं, काही कर सल्लागार. रात्री बॅकअप, सकाळी पार्सलची लेबलं, संध्याकाळी दिवसभराच्या बिलांची एक पीडीएफ, अशी ही कामं. माझ्याकडे शिकलेली पोरं आणि त्या ऑफिसांतल्या संगणकावर बसणाऱ्या ताई मला फोन करतात, आणि निम्मे फोन एकाच जागी अडकलेले असतात : कमांड चालते, विंडोजची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) लुकलुकते, पण ती काय बोलली ते स्क्रिप्टला कळत नाही. ते सगळे प्रश्न इथे उतरवले आहेत.

आज्ञा आणि चिन्हं मी फोनवर सांगतो तशी बोलीतच लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत टाकायची. एका अर्थी हे बरंच आहे. व्हॉट्सअॅपवरून उचलून चिकटवलेल्या आज्ञेतली सरळ अवतरणचिन्हं कधीकधी वळलेली होऊन येतात, सीएमडीला, म्हणजे काळ्या खिडकीत आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामला, ती समजत नाहीत, आणि त्यात माणसाचा अख्खा दिवस जातो. हातानं टाइप करा.

आउटपुट, म्हणजे कमांडनं दिलेलं उत्तर, पकडायचंच कशाला? स्क्रिप्ट बटणं दाबते, पडद्यावरचा रंग ओळखते, तेवढं पुरत नाही का?

काही दिवस पुरतं. इंटरनेट चालू आहे का हे बघायला एकानं स्क्रिप्टमध्ये ब्राउझर उघडला होता. पाच सेकंद थांबायचं आणि पडद्याच्या एका कोपऱ्यातल्या ठिपक्याचा रंग तपासायचा. मॉनिटर बदलला, रंग हलला, स्क्रिप्ट बंद. नेट हळू झालं की पाच सेकंद अपुरे पडायचे. नेट जोरात असलं की तेच पाच सेकंद रोज शंभर वेळा वाया जायचे. हेच काम दुसऱ्या यंत्राला हाक मारून बघणारी पिंग कमांड दोन ओळींत सांगते, आणि तिचं उत्तर मॉनिटरच्या आकारावर अवलंबून नसतं.

ज्याला तोंड आहे त्याला सरळ विचारावं, त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधू नये. माऊस हलवणं आणि बटण दाबणं हे ज्या प्रोग्रामला तोंडच नाही त्याच्यासाठी राखून ठेवा. जुनी बिलिंग सॉफ्टवेअरं तशी असतात, तिथे इलाज नसतो. पण फाइल कॉपी, झिप, पीडीएफ जोडणं, प्रिंटरची रांग, डिस्कमधली मोकळी जागा, नेटवर्क या सगळ्यांसाठी बोलणाऱ्या कमांड आहेत.

प्रोग्राम नेमकं काय काय परत देतो?

तीन गोष्टी देतो, आणि तिन्ही घ्यायच्या असतात.

पहिली म्हणजे मुख्य आउटपुट, त्याचा वाहिनी क्रमांक १. दुसरी म्हणजे तक्रारींची वाहिनी, क्रमांक २. तिसरी म्हणजे एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो एक आकडा. क्रमांक ० ही आत जाणारी वाहिनी, प्रोग्रामला आपण काही सांगायचं असेल तर.

ही मांडणी युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमची. एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याच्या तोंडात द्यायची सोय, म्हणजे उभ्या रेघेचा पाइप, १९७३ साली डग मॅकलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये घातली. तक्रारींची वाहिनी वेगळी नसली तर चुकीचा निरोप खऱ्या माहितीत मिसळून पुढच्या प्रोग्रामच्या पोटात जातो. म्हणून ती निराळी ठेवली.

गोंधळ असा की दुसऱ्या वाहिनीवर फक्त तक्रारीच येतात असं नाही. व्हिडिओवर काम करणारा एफएफएमपेग आपली सगळी बडबड तिथेच करतो, कारण पहिल्या वाहिनीवरून तो प्रत्यक्ष व्हिडिओ पाठवू शकतो. नेटवरून फाइल उतरवणाऱ्या कर्लचा किती टक्के उतरलं हे सांगणारा तक्ता तिथेच येतो. जावाची आवृत्ती विचारताना एक आडवी रेघ दिली तर उत्तर दुसऱ्या वाहिनीवर येतं, आणि जावा ९ पासून दोन आडव्या रेघा दिल्या तर पहिल्यावर. तेव्हा दुसऱ्या वाहिनीवर काही आलं म्हणजे चूक झाली, असा नियम स्क्रिप्टमध्ये घालू नका. यश-अपयश ठरवायचं एक्झिट कोडवरून.

सुरुवात करायला सगळ्यात सोपी पद्धत कोणती?

तात्पुरती फाइल. सीएमडी लपवून चालवायचा, त्याला "स्लॅश सी" देऊन आपली आज्ञा सांगायची, शेवटी > चिन्ह आणि फाइलचं नाव. काम संपलं की फाइल वाचायची आणि पुसून टाकायची. ऑटोहॉटकीत (विंडोजवर बटणं दाबणाऱ्या स्क्रिप्ट लिहायचं साधन) हे रनवेट आणि फाइलरीड या दोन आज्ञांत होतं, आणि "हाइड" दिलं की काळी खिडकी दिसतही नाही.

नवख्यांच्या इथे दोन चुका होतात. एक, रन वापरतात, रनवेट नाही. रन पुढे निघून जातो, फाइल अजून लिहिली जात असते, आणि स्क्रिप्ट अर्धी किंवा रिकामी फाइल वाचते. मग ही मंडळी मध्ये दोन सेकंदांची झोप घालतात आणि ते चाललं असं वाटतं, पण महिनाअखेरीला डेटा वाढला की पुन्हा बिघडतं. दोन, सीएमडी न बोलावता थेट प्रोग्रामपुढे > लिहितात. ते चिन्ह विंडोजला कळत नाही, ते सीएमडीला कळतं. प्रोग्रामला ते फक्त एक विचित्र नावाचं आर्ग्युमेंट म्हणून पोचतं.

फाइलचं नाव दर वेळी वेगळं ठेवा, वेळ आणि एखादा आकडा जोडून. एकाच नावाच्या फाइलवर दोन स्क्रिप्ट एकाच वेळी लिहायला आल्या की कुणाचं उत्तर कुणाला मिळेल ते सांगता येत नाही.

मी स्वतः अजूनही अर्ध्याहून जास्त कामांत हीच पद्धत वापरतो. हिला कमी लेखू नका. काही बिघडलं तर फाइल समोर असते, उघडून बघता येते.

पडद्यावर मजकूर दिसतो, पण फाइल रिकामी येते. का?

मजकूर दुसऱ्या वाहिनीवरून येतोय. आज्ञेच्या शेवटी, फाइलच्या नावानंतर एक जागा सोडून, हे चार घटक एकमेकांना चिकटवून टाका : दोन, >, &, एक. म्हणजे "क्रमांक दोनची वाहिनी क्रमांक एक जिथे जातेय तिथेच सोड". हे फाइलच्या नावाच्या *नंतर*च हवं. आधी टाकलं तर त्या क्षणी क्रमांक एक अजून पडद्याकडेच जात असते, मग दोनही पडद्याकडे जाते, आणि त्यानंतर एकटी एक फाइलकडे वळते. सीएमडी डावीकडून उजवीकडे वाचतो.

तरीही रिकामीच आली, तर तो प्रोग्राम वाहिन्या सोडून थेट काळ्या खिडकीवर लिहितोय. पासवर्ड विचारणारे प्रोग्राम मुद्दाम असं करतात. त्यासाठी प्रोग्रामला खोटी खिडकी दाखवावी लागते. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, कॉनपीटीवाय नावाची ती सोय आहे, पण छोट्या स्क्रिप्टमधून ती वापरणं कटकटीचं आहे. आधी त्या प्रोग्रामची मदत वाचा. "लॉग फाइल इथे लिही" असा पर्याय बहुतेकदा असतो.

क्लिप कमांडनं क्लिपबोर्डवर घेतलं तर चालेल?

चालतं, पण करू नका. ताईंनी बिलाचा नंबर कॉपी करून ठेवलेला असतो, तेवढ्यात मागची स्क्रिप्ट चालते आणि त्या नंबराच्या जागी पिंगचं उत्तर चिकटतं. क्लिपबोर्ड समोर बसलेल्या माणसाचा आहे.

फाइल न बनवता थेट व्हेरिएबलमध्ये घेता येतं का?

येतं. ऑटोहॉटकीत डब्ल्यूस्क्रिप्ट-शेल या कॉम ऑब्जेक्टची एक्झेक पद्धत आहे. ती चालवून एसटीडीआउटचं, म्हणजे मुख्य वाहिनीचं, रीडऑल केलं की मजकूर हातात. तोटा एवढाच की क्षणभर काळी खिडकी चमकते. ते टाळायला आधी एक लपवलेला सीएमडी चालू करून त्याच्या खिडकीला स्क्रिप्ट जोडतात, मग पुढचे प्रोग्राम तीच लपलेली खिडकी वापरतात.

ऑटोआयटी या तसल्याच दुसऱ्या साधनात ही सोय आतच आहे. रन आज्ञेला आकडा द्यायचा : २ म्हणजे मुख्य आउटपुट, ४ म्हणजे तक्रारींची वाहिनी, ८ म्हणजे दोन्ही एकत्र, १ म्हणजे आत लिहिण्यासाठी. २ आणि ४ दोन्ही हवे असतील तर बेरीज ६. मग एसटीडीआउटरीड फिरवत राहायचं, ते चूक दाखवेपर्यंत. ती चूक म्हणजे "आता संपलं" एवढंच. एका वाचनात सगळं येईल अशी आशा धरू नका.

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत सबप्रोसेस-रन. ३.७ पासून त्यात कॅप्चर-आउटपुट हा पर्याय आला, आणि मजकूर, तक्रारी, एक्झिट कोड तिन्ही एकाच वस्तूत मिळवणं सोपं झालं. आज नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी हेच सांगतो. बटणं दाबायला ऑटोहॉटकी, विचारपूस करायला पायथॉन.

स्क्रिप्ट कधीकधी मध्येच लटकते. छोट्या फोल्डरवर चालते, मोठ्यावर नाही.

या प्रश्नानं मला सुरुवातीच्या काळात सगळ्यात जास्त रडवलं, म्हणून जरा सविस्तर.

वाहिनी म्हणजे नळी, आणि नळीत मावतं ते मर्यादित. लिनक्सवर साधारण ६५,५३६ बाइट, विंडोजवर वर सांगितलेल्या एक्झेकमध्ये त्याहून पुष्कळ कमी. नळी भरली की प्रोग्राम लिहायचा थांबतो आणि समोरून कुणी वाचेल याची वाट बघतो. आता समजा तुमची स्क्रिप्ट मुख्य वाहिनी शेवटपर्यंत वाचतेय, आणि प्रोग्रामनं तक्रारींची नळी भरून टाकली. प्रोग्राम म्हणतो, तक्रारी उचल मग मी पुढे जातो. स्क्रिप्ट म्हणते, मुख्य आउटपुट संपव मग मी तक्रारी बघते. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. कुणीही चूक दाखवत नाही, टास्क मॅनेजरमध्ये दोघं जिवंत दिसतात. छोट्या फोल्डरवर तक्रारी कमी असतात, नळी भरत नाही, म्हणून तुमच्या चाचणीत ते कधीच सापडत नाही.

"आधी प्रोग्राम संपू दे, मग वाचतो" असं लिहिलं तरी हेच होतं, त्यात तर एकच नळी पुरते.

उपाय सोपा आहे. दोन्ही वाहिन्या एकत्र करून वाचा, किंवा दोन्ही फाइलींत सोडा. फाइल नळीसारखी भरत नाही. पायथॉनचं सबप्रोसेस-रन दोन्ही नळ्या आपणहून रिकाम्या करत राहतं.

लटकण्याचं दुसरं कारण म्हणजे प्रोग्रामनं काहीतरी विचारलंय. "ही फाइल आधीच आहे, वर लिहू का, हो की नाही?" खिडकी लपवलेली, प्रश्न कुणाला दिसत नाही. आत जाणाऱ्या वाहिनीला एनयूएल, म्हणजे विंडोजची कायम रिकामी असलेली फाइल, जोडून द्या, किंवा "न विचारता कर" असा पर्याय त्या प्रोग्रामला असेल तर तो वापरा.

आणि वेळेची मर्यादा घालाच. नेटवर जाणाऱ्या कोणत्याही आज्ञेला मी साठ सेकंद देतो, मोठ्या कॉपीला तासभर. मर्यादा ओलांडली की प्रोग्राम बंद करायचा आणि तसं नोंदवायचं. बंद करताना सीएमडीबरोबर त्यानं चालू केलेला प्रोग्रामही बंद झाला का ते बघा, नाहीतर वरचा जातो आणि खालचा फाइल धरून बसतो.

प्रगती दिसत नाही. सगळं आउटपुट शेवटी एकदम येतं.

समोर खिडकी असली की बहुतेक प्रोग्राम ओळीओळीनं लिहितात. समोर नळी किंवा फाइल आहे असं कळलं की ते मजकूर स्वतःजवळ साठवून मोठ्या गठ्ठ्यानं सोडतात. हा साठा प्रोग्रामच्या आत असतो, तुमच्या स्क्रिप्टमधून तो फोडता येत नाही. पायथॉनच्या प्रोग्रामला "उणे यू" देऊन साठवणूक बंद करता येते. दुसऱ्यांना तसा पर्याय असेल तर ठीक, नसेल तर ताईंना टक्के दाखवण्याचा हट्ट सोडा आणि "काम चालू आहे" एवढं दाखवा.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं येतात.

आधी नीट बघा काय येतंय, कारण दोन्ही आजार वेगळे आहेत.

प्रश्नचिन्हं आली असतील तर अक्षरं मेली. काळ्या खिडकीची जुनी अक्षरसूची, म्हणजे ४३७ किंवा ८५० क्रमांकाचं कोडपेज, त्यात देवनागरी नाहीच. प्रोग्रामनं लिहितानाच "सोलापूर"च्या जागी प्रश्नचिन्हं टाकली. आता वाचणाऱ्या बाजूला काहीही करा, ती परत येणार नाहीत. आज्ञेच्या आधी त्याच सीएमडीत सीएचसीपी ६५००१ चालवा, म्हणजे खिडकी यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या मावणाऱ्या सूचीवर जाईल. सीएमडीच्या आतल्या आज्ञा, उदाहरणार्थ फोल्डरची यादी देणारी, याला लगेच मानतात. बाहेरचे प्रोग्राम मानतील किंवा नाही, एकेक करून बघावं लागतं.

रोमन लिपीतलं डोक्यावर तिरकी रेघ असलेलं ए आणि त्याच्यामागे चलनाचं छोटं गोल चिन्ह अशी जोडी पुन्हापुन्हा दिसत असेल तर आनंद माना. अक्षरं जिवंत आहेत, फक्त वाचणारा चुकीच्या सूचीनं वाचतोय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. "सोलापूर" म्हणजे स, ओकार, ल, काना, प, दीर्घ उकार, र, अशी सात चिन्हं, एकवीस बाइट. वाचणारा प्रत्येक बाइट म्हणजे एक अक्षर समजला की ही खिचडी होते. ऑटोहॉटकीच्या दुसऱ्या आवृत्तीतही फाइल वाचताना यूटीएफ-८ आपणहून धरलं जात नाही, ते सांगावं लागतं. पायथॉनच्या सबप्रोसेसलाही एन्कोडिंग स्पष्ट द्या.

तीन बाइटांचा आणखी एक त्रास आहे. तुम्ही नळी तुकड्यातुकड्यानं वाचत असाल आणि तुकडा नेमका एका अक्षराच्या मधोमध तुटला, तर प्रत्येक तुकडा वेगळा उलगडताना ते एक अक्षर बिघडतं. हजारात एखाद्या नावात हे होतं, आणि नेमकं गिऱ्हाइकाच्या लेबलावर होतं. बाइट सगळे गोळा करा, मग एकदाच उलगडा.

सीएमडीची नवी बहीण पॉवरशेल, तिच्याबद्दल एक लक्षात ठेवा. विंडोजबरोबर येणारी ५.१ आवृत्ती > नं लिहिलेली फाइल यूटीएफ-१६ मध्ये टाकते, नंतरची स्वतंत्र ६ आणि ७ यूटीएफ-८ मध्ये. तीच स्क्रिप्ट दोन संगणकांवर दोन प्रकारच्या फाइली देते ती यामुळे. पद्मशाली वस्तीतल्या एका दुकानात गिऱ्हाइकांची नावं मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही लिप्यांत आहेत. तिथे मी सगळीकडे यूटीएफ-८ एवढा एकच नियम ठेवला, आणि तो भिंतीवर लिहून लावला.

दोन्ही मजकूर हुबेहूब सारखे दिसतात, तरी तुलना "नाही" म्हणते.

शेवटी न दिसणारी अक्षरं आहेत. विंडोजवर ओळ संपताना १३ आणि १० या क्रमांकांची दोन अक्षरं येतात. तुलनेआधी दोन्ही बाजूंची रिकामी जागा छाटा. पहिल्याच ओळीत गडबड असेल तर फाइलच्या सुरुवातीची बीओएम ही अदृश्य खूण तपासा. मजकुराची लांबी मोजली की चोर लगेच सापडतो : "ओके" या दोन इंग्रजी अक्षरांची लांबी चार आली, म्हणजे कळलंच.

मॅकवर काम करणाऱ्या डीटीपीवाल्यांसाठी : अॅपलस्क्रिप्टची डू-शेल-स्क्रिप्ट ही आज्ञा ओळींचे शेवट आपणहून बदलते. तसं नको असेल तर तिला सांगावं लागतं.

एक्झिट कोड शून्य म्हणजे यश, बाकी सगळं अपयश, बरोबर ना?

बहुतेक ठिकाणी बरोबर. पण अपवाद नेमके आपल्या रोजच्या वापरातले आहेत.

फाइली कॉपी करणारा विंडोजचा रोबोकॉपी ० देतो तेव्हा कॉपी करायला काही नव्हतंच. १ म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या. २ आणि ४ म्हणजे जास्तीच्या किंवा न जुळणाऱ्या फाइली सापडल्या, आणि हे आकडे बेरजेनंही येतात. ८ किंवा त्याच्या वर गेलं की खरं अपयश. शून्याशिवाय सगळं अपयश असं लिहिलंत तर यशस्वी बॅकअपवर रोज रात्री धोक्याचा निरोप येईल. आठवड्यात माणसं तो निरोप वाचायचं सोडून देतात, आणि मग खरा धोकाही वाचत नाहीत.

पिंग उलटा फसवतो. "त्या यंत्रापर्यंत पोचता येत नाही" असं उत्तर मधल्या कुणी दिलं तरी विंडोजचा पिंग शून्यच देतो, कारण उत्तर तर मिळालं. तिथे मजकुरात टीटीएल आणि बरोबरीचं चिन्ह शोधा, आणि "उणे ४" देऊन चालवा, कारण आयपीव्ही-६ च्या उत्तरांत टीटीएल छापलं जात नाही. मजकुरात शब्द शोधणाऱ्या फाइंडस्ट्रला शब्द सापडला नाही तर तो १ देतो, ती चूक नव्हे. आणि उभ्या रेघेनं दोन आज्ञा जोडल्या की कोड शेवटच्या आज्ञेचा मिळतो, पहिलीचं काय झालं ते कळत नाही.

यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग थांबतो, कारण तशी कळ त्यात बसवलेली आहे. स्क्रिप्टमध्ये ती कळ आपण बसवावी लागते. मी एकदा बसवली नव्हती. एका कारखान्याच्या बॅकअपमध्ये मी फक्त "आउटपुटची फाइल तयार झाली का" एवढंच बघत होतो. बाहेरची डिस्क भरली, कॉपी अपयशी होऊ लागली, आउटपुटची फाइल मात्र रोज तयार होत होती, त्यात अपयशाची तक्रार लिहिलेली. माझी स्क्रिप्ट रोज सकाळी "बॅकअप झाला" सांगत राहिली. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, तिथला संगणक गेला, तेव्हा शेवटचा खरा बॅकअप सात आठवडे जुना निघाला. हिशेब सांभाळणाऱ्या काकांनी डिस्पॅचच्या वह्यांवरून सात आठवड्यांच्या नोंदी पुन्हा भरल्या. मी रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्या शेजारी बसून वाचून दाखवायचो. चूक माझी होती, आणि काका मला एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर माझी कुठलीही स्क्रिप्ट "झालं" म्हणण्याआधी तीन गोष्टी बघते : एक्झिट कोड, आउटपुटमधला अपेक्षित शब्द, आणि ज्या फाइलसाठी हा खटाटोप केला त्या फाइलचा आकार आणि तारीख.

गिऱ्हाइकाच्या फोल्डरच्या नावात & आहे, तिथेच स्क्रिप्ट मोडते.

"अमुक & सन्स" नावाची दुकानं गावात पुष्कळ. सीएमडीला & म्हणजे "इथे पहिली आज्ञा संपली, आता दुसरी". मग तो "सन्स" नावाचा प्रोग्राम शोधत बसतो. पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणात घाला, जागा सोडलेली नावंही त्यानं सुटतात. आणि "स्लॅश सी" नंतर एकाहून जास्त अवतरणं येत असतील तर सीएमडी पहिलं आणि शेवटचं अवतरण काढून टाकतो, म्हणून सगळ्या आज्ञेभोवती आणखी एक जोडी लावा. विचित्र दिसतं, पण तसंच आहे. बॅच फाइलमध्ये % चिन्ह असेल तर ते दोनदा लिहा.

याहून चांगलं म्हणजे सीएमडी मध्ये न आणता प्रोग्राम थेट चालवा आणि आर्ग्युमेंटं यादीनं द्या. पायथॉनमध्ये हे सहज होतं. नावं गिऱ्हाइकांकडून किंवा ईमेलमधून येत असतील तर हेच करा. & च्या पुढे कुणी "सन्स"ऐवजी फाइली पुसायची आज्ञा लिहिली तर सीएमडी तीही चालवेल.

मी चालवलं की चालतं, ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या टास्क शेड्यूलरमधून चालत नाही.

चार ठिकाणी बघा. चालू फोल्डर : शेड्यूलर बहुतेकदा सिस्टम३२ मध्ये उभा असतो, तुमच्या फोल्डरमध्ये नाही, म्हणून सगळे पत्ते पूर्ण लिहा. नेटवर्क ड्राइव्ह : तुम्हाला दिसणारी "झेड" तिथे नसते, दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण पत्ता द्या. तिसरं, ३२ बिटची स्क्रिप्ट ६४ बिट विंडोजवर सिस्टम३२ मागते तेव्हा तिला गुपचूप दुसरंच फोल्डर दाखवलं जातं, आणि काही आज्ञा "सापडत नाही" म्हणतात. सिसनेटिव्ह या नावानं खरं फोल्डर मिळतं.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. "कुणी लॉगिन असो वा नसो, चालव" असं निवडलंत तर स्क्रिप्ट सत्र क्रमांक ० मध्ये चालते, आणि व्हिस्टापासून तिथे तुमचा डेस्कटॉप नसतो. माऊसचे क्लिक हवेत जातात. आउटपुट पकडणं मात्र तिथेही चालतं.

संगणकाची माहिती सांगणारी डब्ल्यूएमआयसी ही आज्ञा नव्या संगणकावर सापडत नाही.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ती आपोआप येत नाही. पॉवरशेलच्या गेट-सिमइन्स्टन्सवर जा. जुन्या स्क्रिप्टमध्ये तिच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा १३ क्रमांकाचं अक्षर यायचं, ते छाटायची ओळही आता काढून टाका.

मजकुरातून हवा तो आकडा कसा वेचायचा?

पडद्यावर मांडलेल्या तक्त्यातून "विसाव्या अक्षरापासून पुढचे पाच" असं कापू नका. एखादं नाव लांब आलं की रकाने सरकतात. आधी बघा प्रोग्राम सीएसव्ही किंवा जेसन (स्क्रिप्टला वाचायला सोप्या मांडण्या) देतो का. चालू प्रोग्रामची यादी देणाऱ्या टास्कलिस्टला "स्लॅश एफओ सीएसव्ही" सांगितलं की स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळी मिळतात, पॉवरशेलमध्ये कुठलंही उत्तर जेसन करता येतं. तारखेबाबत फार जपा. सीएमडीची तारीख त्या संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे छापली जाते, म्हणून ऑफिसात ३ एप्रिल असलेली फाइल घरच्या लॅपटॉपवर ४ मार्च होऊन बसते. आउटपुटमध्ये मधेमधे चौकोनी कंस आणि आकडे आले तर ते रंगांचे संकेत, रंग बंद करायचा पर्याय त्या प्रोग्रामला द्या.

कमांडमध्ये पासवर्ड लिहिला तर कुणाला दिसतो का?

हो. प्रोग्राम चालू असेपर्यंत त्याची पूर्ण ओळ टास्क मॅनेजरमध्ये दिसू शकते. पासवर्ड आत जाणाऱ्या वाहिनीतून द्या, आणि आउटपुटची तात्पुरती फाइल पुसायला विसरू नका, काही प्रोग्राम तो तिथे परत छापतात.

ऑटोहॉटकीची पहिली आवृत्ती शिकू की दुसरी?

दुसरी. ती डिसेंबर २०२२ मध्ये स्थिर झाली. जुनी उदाहरणं तिच्यात जशीच्या तशी चालत नाहीत. पहिल्या आवृत्तीत रनवेट नंतर एक्झिट कोड एररलेव्हलमध्ये मिळायचा, दुसरीत रनवेट तो थेट परत देतं.

एवढं करूनही अडलं तर तुम्हाला काय पाठवू?

पडद्याचा फोटो नको, त्यातून मला काही कॉपी करता येत नाही आणि कडेची अक्षरं नेमकी कापलेली असतात. चार गोष्टी मजकूर म्हणून पाठवा : स्क्रिप्टनं प्रत्यक्षात चालवलेली पूर्ण आज्ञा (तुम्ही लिहिलेली नव्हे, व्हेरिएबलं भरून झाल्यावरची), दोन्ही वाहिन्यांचं आउटपुट, एक्झिट कोड, आणि तीच आज्ञा हातानं काळ्या खिडकीत चालवल्यावर काय आलं ते. पासवर्ड असेल तर खोडा. आज्ञा स्क्रिप्टनं एखाद्या फाइलमध्ये लिहून ठेवली की ती पाठवायला सोपी जाते, आणि पुष्कळदा ती फाइल उघडून बघतानाच एखादं सुटलेलं अवतरणचिन्ह सापडतं. तसं झालं तरी कळवा. कुठे अडलं होतं त्याची मी या यादीत भर घालीन.